आयर्लंडमधील जुनी टूरिंग मोटारसायकल : निवड, कागदपत्रे आणि दुरुस्तीचा क्रम

आयर्लंडमध्ये चार वर्षांहून जुन्या मोटारीला ठरावीक मुदतीने ‘एनसीटी’ ही सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. ही पद्धत २००० साली सुरू झाली. मोटारसायकल तेव्हाही तिच्या कक्षेबाहेर होती आणि आजही आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींची तपासणी १ जानेवारी २०२२ पासून सुरू व्हायची होती. मात्र रस्ते-सुरक्षेचे अन्य उपाय योजणाऱ्या देशांना त्यातून सवलत होती आणि आयर्लंडने ती घेतली.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या लक्षात ही गोष्ट सहसा उशिरा येते. तिकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग लागते आणि अधूनमधून पीयूसीसाठी उभे राहावे लागते. जुनी गाडी रस्त्यावर दिसते, त्या अर्थी कोणीतरी ती कधीतरी पाहिली असेल, असे आपण गृहीत धरतो. आयर्लंडमध्ये पंचवीस वर्षे जुनी मोटारसायकल एकाही अधिकृत तपासनिसाच्या नजरेखालून न जाता धावत असू शकते. इथे तपासनिसाचे काम खरेदीदारालाच करावे लागते. देशातील एकूण वाहनांत मोटारसायकलींचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. रस्ते-अपघातांतील मृतांत मात्र मोटारसायकलस्वारांचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक भरतो. हौसेच्या या व्यवहारात पणाला काय लागते, ते यावरून समजावे.

टूरिंग गाडी आणि तिची घराणी

लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या मोटारसायकलीला टूरिंग मोटारसायकल म्हणतात. वारा व पाऊस अडवणारे मोठे फेअरिंग, ताठ बसता येईल असे हँडल, मागे बसणाऱ्यासाठी रुंद सीट, दोन्ही बाजूंना कुलूपबंद पेट्या, मोठी पेट्रोल टाकी आणि बहुतेक वेळा साखळीऐवजी शाफ्ट ही तिची लक्षणे होत. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आपल्या पहिल्या मोटारसायकलीला, म्हणजे आर-३२ ला, शाफ्टच दिला होता. होंडाची गोल्डविंग १९७० च्या दशकाच्या मध्यात आली आणि पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनाला या वर्गात प्रतिष्ठा मिळाली. बीएमडब्ल्यूची आर-१००-आरटी १९७८ मध्ये, कावासाकीची जीटीआर-१००० १९८६ मध्ये आणि होंडाची एसटी-११००, म्हणजेच ‘पॅन युरोपियन’, १९९० मध्ये बाजारात आली.

आयर्लंडमधील जुन्या बाजारात या घराण्यांतील गाड्या वारंवार दिसतात. १०८४ सीसीच्या पॅन युरोपियनचे इंजिन दीर्घायुषी म्हणून नावाजलेले आहे. तिच्या टाकीत सुमारे २८ लिटर पेट्रोल मावते. मात्र मिठाच्या रस्त्यांवर वापरलेल्या गाडीचा स्विंगआर्म आतून गंजतो, ही तिची जुनी व्याधी आहे. सुरुवातीच्या गाड्यांतील २८ अँपिअरच्या अल्टरनेटरवर गरम मुठी आणि जादा दिवे यांचा भार टाकल्यास तो थकतो. १९९६ च्या सुमारास त्याच्या जागी ४० अँपिअरचा आला. बीएमडब्ल्यूच्या आर-११००-आरटी आणि आर-११५०-आरटी या गाड्या आरामदायी आहेत. पण मागच्या चाकापाशी असलेल्या फायनल ड्राइव्हचे बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या आरंभीचे स्प्लाइन हे त्यांचे नाजूक भाग आहेत. आर-११५०-आरटीला सर्वो ब्रेक आहेत. इग्निशन बंद असताना त्यांची पकड फारच कमी होते आणि त्यांची दुरुस्ती साध्या ब्रेकइतकी सोपी नसते. १९९८ साली आलेली होंडा डोव्हिल ६४७ सीसीची असून तिच्या पेट्या अंगातच घडवलेल्या आहेत. मोठ्या गाड्यांचे वजन अंगावर येणाऱ्या नवशिक्याने आधी हिचा विचार करावा.

वजनाचा मुद्दा किरकोळ नाही. बुलेट साधारण १९० किलोच्या आसपास असते. मोठी टूरिंग गाडी टाकी भरल्यावर पावणेतीनशे ते सव्वातीनशे किलोंपर्यंत जाते. ती रस्त्यावर धावताना हलकी भासते. उतारावरच्या पार्किंगमधून मागे ढकलताना तिचे खरे वजन कळते.

परवाना : खरेदीच्या आधीची पायरी

भारतीय परवाना आयर्लंडमध्ये अदलाबदलीने मिळत नाही. आयरिश मोटार-परवान्यातील ‘बी’ वर्गात मोठी मोटारसायकल येत नाही. त्यामुळे मोटारसायकलीची लेखी परीक्षा, लर्नर परमिट, ‘आयबीटी’ हे मूलभूत प्रशिक्षण आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा, असा पूर्ण क्रम पाळावा लागतो. आयबीटी ६ डिसेंबर २०१० पासून सक्तीची असून तिचे किमान १६ तास होतात. पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत वीस वर्षे गाडी चालवलेल्यालाही त्यातून सूट नाही.

पूर्ण ‘ए’ वर्गासाठी थेट अर्ज करायचा असेल, तर वय २४ पूर्ण लागते. त्याहून लहान असल्यास ‘ए-२’ वर्ग दोन वर्षे सांभाळून विसाव्या वर्षापासून वर चढता येते. ‘ए-२’ मध्ये शक्तीची मर्यादा ३५ किलोवॉट आहे, म्हणजे वर उल्लेखिलेल्या मोठ्या गाड्या त्यात बसत नाहीत. लर्नर परमिटवर मागे कोणाला बसवता येत नाही आणि मोटरवेवर जाता येत नाही. जोडीदारासह केरीची सहल हे स्वप्न परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरचे आहे, हे मनाशी ठरवूनच गाडी शोधावी.

याच टप्प्यावर विमा कंपन्यांकडून आकडे मागवावेत. गाडीचे वय, इंजिनाची क्षमता, परवान्याचा प्रकार आणि आयर्लंडमधील अनुभव यांवर हप्ता ठरतो. भारतातील विनादावा वर्षे धरली जातील की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. गाडी आधी घेऊन विमा नंतर शोधणाऱ्याला गाडीइतकाच हप्ता पाहण्याची वेळ येऊ शकते.

पहिली भेट

बहुतेक व्यवहार वेक्सफर्डमध्ये २००५ साली सुरू झालेल्या डनडीलसारख्या जाहिरात-संकेतस्थळांवरून, मोटारसायकल विक्रेत्यांकडून किंवा क्लबांतील ओळखीतून होतात. विक्रेता व्यावसायिक असेल, तर २०२२ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण मिळते. खासगी माणसाकडून घेताना ते मिळत नाही. तिथे गाडी वर्णनाप्रमाणे आहे की नाही, एवढाच भांडणाचा आधार उरतो. म्हणून जाहिरातीची प्रत जपून ठेवावी आणि महत्त्वाचे प्रश्न लेखी संदेशातून विचारावेत.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवण्याची विनंती आधीच करावी. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर सकाळची अवघड सुरुवात लपवण्यासाठी ते आधीच चालवलेले असण्याची शक्यता असते. थंड इंजिन चोकवर सुरू होऊन काही मिनिटांत स्थिर झाले पाहिजे. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळत आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत जात आहे, असे समजावे.

टूरिंग गाडीचा गंज प्लास्टिकच्या मोठ्या अंगरख्याखाली दडतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण या गाडीसाठीच केली असावी. आयर्लंडमध्ये हिवाळ्यात मुख्य रस्त्यांवर मीठ पसरले जाते आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची खारी हवा वर्षभर असते. त्यामुळे विजेरी घेऊन गाडीखाली आडवे व्हावे. स्विंगआर्मचा खालचा भाग, स्टँडचे जोड, ब्रेकच्या धातूच्या नळ्या, रेडिएटरची खालची कड, सायलेन्सरचे जोड आणि सबफ्रेमचे वेल्डिंग बारकाईने पाहावे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवल्यास कोनसेटचा खडखडाट कळतो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचे वलय दिसले, तर ऑइल सील गेलेले असते. मागचे चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंगची शंका घ्यावी. शाफ्टच्या गाडीत ही दुरुस्ती महागात पडते.

टायरच्या बाजूला चार अंकी छाप असतो. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आयर्लंडमध्ये मोटारसायकलीच्या टायरच्या नक्षीची किमान खोली १ मिलिमीटर असली पाहिजे. परंतु फारशा न फिरलेल्या गाडीत खोली पुरेशी असूनही रबर वयाने कडक झालेले असते. असा टायर ओल्या रस्त्यावर दगा देतो, आणि आयर्लंडमध्ये रस्ता ओला असणे हीच नेहमीची अवस्था आहे.

अंतर दाखवणाऱ्या आकड्याविषयी एक खास इशारा. आयर्लंडमधील वेगमर्यादा २० जानेवारी २००५ रोजी किलोमीटरमध्ये आल्या. त्यापूर्वीच्या आयरिश गाड्या आणि ब्रिटनमधून आलेल्या सर्वच वयांच्या गाड्या सहसा मैल मोजतात. घड्याळातील ६०,००० हा आकडा मैलांचा असेल, तर गाडी सुमारे ९६,५०० किलोमीटर फिरलेली आहे. युरोपच्या मुख्य भूमीतून आलेल्या गाडीचा पुढचा दिवा उजवीकडे झुकतो. डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून तो बदलावा लागतो.

चालवून पाहण्याआधी विम्याची खातरजमा करावी. दुसऱ्याच्या गाडीवर बसताना आपली पॉलिसी लागू आहे, हे लेखी नसेल, तर ती फेरी विनाविमा ठरते आणि तो गुन्हा आहे. सोय नसल्यास विमा असलेल्या जाणकाराला गाडी चालवायला द्यावी, किंवा तसा माणूस मिळेपर्यंत सौदा थांबवावा.

कागद काय सांगतात

महाराष्ट्रातील आरसी बुकाच्या जागी इथे ‘व्हीआरसी’ हे वाहन-नोंदणी प्रमाणपत्र असते. त्यावरचे नाव नोंदणीकृत मालकाचे असते. तो कायदेशीर मालकीचा पुरावा नव्हे. गाडीवर कर्ज असू शकते, किंवा ती अपघातात विमा कंपनीने मोडीत काढलेली असू शकते. म्हणून फ्रेमवरचा सतरा अक्षरांचा चासी नंबर प्रमाणपत्राशी ताडून पाहावा आणि कार्टेल किंवा मोटरचेक यांसारख्या सेवेतून गाडीचा पूर्वेतिहास काढावा. नंबर खरवडलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला, तर तिथून नमस्कार करून निघावे.

१९८७ पासूनच्या आयरिश नंबरप्लेटवर वर्ष, काउंटी आणि अनुक्रमांक असतो. ‘९४-डी’ म्हणजे १९९४ साली प्रथम नोंदलेली आणि डब्लिनच्या मालिकेतील गाडी. आयात केलेल्या गाडीलाही जगात कुठेही झालेल्या पहिल्या नोंदणीचे वर्ष मिळते. तीस वर्षांहून जुन्या वाहनासाठी ‘झेडव्ही’ ही वेगळी मालिका उपलब्ध आहे.

मालकी-बदलाची सूचना देण्याचे कर्तव्य विक्रेत्याचे आहे. १९९३ पासून नोंदलेल्या गाड्यांची ही नोंद काउंटी क्लेअरमधील शॅनन येथील परिवहन खात्याच्या कार्यालयात होते आणि नवे प्रमाणपत्र खरेदीदाराच्या पत्त्यावर येते. त्याआधीच्या गाड्यांचे काम स्थानिक मोटर टॅक्स कार्यालयातून चालते. गाडी नावावर करण्यासाठी एजंटच्या मागे फिरावे लागत नाही. पण पैसे देण्याआधी फॉर्मवर विक्रेत्याची सही डोळ्यांदेखत झाली पाहिजे.

इंजिनाच्या आवाजापेक्षा पावत्यांची फाइल अधिक खरे बोलते. ब्रेक ऑइल केव्हा बदलले, टॅपेट सेटिंग किती मैलांवर झाले, टायर कोणत्या वर्षी घातले, याच्या पावत्या असलेली दीड लाख किलोमीटरची गाडी ही दहा वर्षे गोठ्यात झाकून ठेवलेल्या तीस हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा चांगली खरेदी ठरू शकते. चालती गाडी झिजते आणि झीज मोजता येते. उभी गाडी कुजते आणि कूज दिसत नाही.

सीमेपलीकडची गाडी

ब्रिटनमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये मोटारसायकलीला ‘एमओटी’ तपासणी असते. ब्रिटनमधील गाडीच्या एमओटीचा इतिहास नोंदणी क्रमांकावरून इंटरनेटवर पाहता येतो. दरवर्षीचे मैल आणि नापास झाल्याची कारणे त्यात दिसतात. आयरिश गाडीबाबत अशी सरकारी नोंद नसल्याने सीमेपलीकडची गाडी अनेकांना विश्वासार्ह वाटते.

तिची खरी किंमत मात्र करांसह मोजावी. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनमधून येणाऱ्या गाडीवर २३ टक्के व्हॅट आणि गाडी मुळात कुठे बनली त्यानुसार कस्टम ड्यूटी लागू शकते. उत्तर आयर्लंडमधून आणताना ती गाडी ब्रेक्झिटपूर्वीपासून तिथे होती किंवा रीतसर तिथे आयात झाली होती, याचा पुरावा विक्रेत्याकडून घ्यावा.

यावर ‘व्हीआरटी’ हा नोंदणी कर येतो. मोटारसायकलीसाठी पहिल्या ३५० सीसीपर्यंत प्रत्येक सीसीला २ युरो आणि पुढे प्रत्येक सीसीला १ युरो, असा त्याचा हिशेब आहे. वयानुसार सूट वाढत जाते. दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती ९० टक्के आहे आणि ३० वर्षे झालेल्या गाडीला व्हीआरटी नाही. १०८४ सीसीच्या गाडीचा मूळ कर ७०० अधिक ७३४, म्हणजे १,४३४ युरो होतो. गाडी पंधरा वर्षे जुनी असल्यास त्यातील १४३ युरो ४० सेंट भरावे लागतात. गाडी देशात आल्यापासून ७ दिवसांत तपासणीची वेळ ठरवून ३० दिवसांत नोंदणी पुरी करावी लागते. एनसीटी केंद्रात होणारी ही तपासणी ओळख पटवण्यासाठी असते. ब्रेक लागतो की नाही, हे तिथे ठरत नाही.

जागा, कर आणि ‘ऑफ द रोड’

दुरुस्ती घरी करायची असेल, तर खासगी जागा हवी. मोटर टॅक्स न भरलेली गाडी रस्त्याकडेला उभी ठेवता येत नाही. जुलै २०१३ पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी वापरात नसल्याची घोषणा आगाऊ करावी लागते. मागील तारखेने ती होत नाही. ती किमान ३ आणि कमाल १२ महिन्यांसाठी असते. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकावर येत नाही, पण खरेदीच्या महिन्यापासून जबाबदारी त्याची असते. म्हणून घोषणा किंवा कर यांपैकी एक गोष्ट लगेच उरकावी. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने व्यवस्थापनाला विचारल्याशिवाय तळघरात इंजिन उघडू नये.

मोटारसायकलीचा वार्षिक कर इंजिन कितीही मोठे असले, तरी एकाच दराने असतो. ३० वर्षे पूर्ण झालेल्या मोटारसायकलीला व्हिंटेज वर्गात वर्षाला २६ युरो पडतात. १९९४ सालची गाडी २०२४ मध्ये या वर्गात आली. मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. म्हणजे आज जुनी म्हणून स्वस्त मिळणारी गाडी काही वर्षांत सन्मानाने जुनी होते.

दुरुस्तीचा क्रम : आधी थांबणे, मग चालणे

अनेक वर्षे उभी असलेली गाडी घरी आली, की पहिला मोह बॅटरी लावून बटण दाबण्याचा होतो. इंजिनाचा आवाज ऐकण्याचा आनंद मोठा असला, तरी हा क्रम उलटा आहे. सुरू झालेली गाडी माणसाला गेटबाहेर खेचते, आणि तिचा ब्रेक त्या वेळी दहा वर्षांच्या जुन्या ऑइलवर अवलंबून असतो. म्हणून पहिले काम ब्रेकचे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. पाणी मिसळलेले ऑइल लांब उतारावर तापले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट मुठीपर्यंत येतो. सर्वसाधारण नियम दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा आहे. कॅलिपर उतरवून पिस्टन साफ करावेत, त्यांची सील बदलावीत आणि वीस वर्षांच्या रबरी नळ्या काढून टाकाव्यात. जुनी नळी बाहेरून शाबूत दिसते, पण आतून सुजून ऑइलची वाट अडवते. मग ब्रेक सोडल्यावरही चाक मोकळे होत नाही. हे काम पूर्वी कधी केले नसेल, तर ते जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

दुसरे काम टायर, चाकांची बेअरिंग आणि कोनसेट यांचे. तिसरे काम विजेचे. नवी बॅटरी घालण्याआधी अर्थचे जोड आणि प्लग-सॉकेट साफ करावेत. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. नंतर इंजिन चालू असताना, थोडी रेस वाढवल्यावर, हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. तो वाढत नसेल, तर अल्टरनेटर किंवा रेक्टिफायर-रेग्युलेटर तपासावा.

चौथे काम पेट्रोलचे. आयर्लंडमध्ये २०२३ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई-१० हे सर्वसाधारण पेट्रोल झाले आहे. भारतातील ई-२० ची चर्चा ठाऊक असणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनवलेली नसतात, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवत असल्याने टाकीचा तळ गंजतो. आधी उत्पादकाची शिफारस पाहावी. जुने पेट्रोल पूर्ण काढावे, टाकीत विजेरी टाकून गंज पाहावा, नळ्या व फिल्टर बदलावेत आणि कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करावेत. चार कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यांचा मेळ जुळवणे हे वेगळेच कौशल्य आहे.

यानंतर इंजिनाची पाळी येते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडेसे ऑइल सोडावे, काही तास थांबावे आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते अडत असेल, तर जोर करू नये. मोकळे फिरले, तर इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्सचे आणि फायनल ड्राइव्हचे ऑइल बदलून मगच बटणाला हात लावावा. पॅन युरोपियनसारख्या गाडीत टायमिंग बेल्ट असतो. त्याच्या बदलाची पावती नसेल, तर त्याची अवस्था आधी पाहावी.

सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठेसारखी एक गल्ली आयर्लंडमध्ये नाही. भाग त्याच्या क्रमांकावरून मागवावा लागतो. बीएमडब्ल्यू आपल्या जुन्या गाड्यांचे बरेच भाग आजही पुरवते. जपानी गाड्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि खुणांचे स्टिकर मिळणे मात्र दुर्मीळ होत चालले आहे. म्हणून फेअरिंग फुटलेली गाडी इंजिन बिघडलेल्या गाडीपेक्षा कधीकधी अधिक अडचणीची ठरते. जर्मनी किंवा नेदरलँड्समधून मागवलेल्या पार्सलवर कस्टम लागत नाही. ब्रिटनमधून मागवताना ते हिशेबात धरावे.

केव्हा नाही म्हणावे

खरेदीच्या किमतीइतकी रक्कम टायर, ब्रेक, बॅटरी आणि सील यांसाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर ती गाडी स्वस्त नाही. फ्रेम किंवा स्विंगआर्म गंजाने पोखरलेला असेल, कागद जुळत नसतील, किंवा विक्रेता थंड इंजिन दाखवायला तयार नसेल, तर परतणे शहाणपणाचे. ‘आत्ता चालत होती, फक्त बॅटरी गेली आहे’ हे वाक्य जगाच्या पाठीवर सर्वत्र सारखेच ऐकू येते. बॅटरी आणून गाडी सुरू करून दाखवण्याची विनंती केली, की त्याची परीक्षा होते.

गाडी ओळखणारी माणसे शोधणे हा सर्वांत चांगला विमा आहे. १९५४ साली स्थापन झालेला आयरिश व्हेटरन अँड व्हिंटेज कार क्लब, मोटारसायकलस्वारांच्या हक्कांसाठी काम करणारी मॅग आयर्लंड ही संघटना आणि एकेका कंपनीच्या गाड्यांचे चाहते यांच्याकडे अनेक दशकांचे ज्ञान आहे. अशा माणसाला गाडी पाहायला सोबत नेले आणि त्याने नापसंती दर्शवली, तर ती मानावी.

रस्त्यावर

दुरुस्त केलेली गाडी पहिल्या दिवशी गॉलवेला नेऊ नये. पहिले पन्नास किलोमीटर घराच्या आसपास, कोरड्या रस्त्यावर आणि सामानाविना व्हावेत. परतल्यावर ब्रेकचे डिस्क प्रमाणाबाहेर तापले आहेत का, कुठे तेल गळते का, कोणता नट सैल झाला का, हे पाहावे. दुसऱ्या फेरीत अंतर वाढवावे. मागे माणूस बसवायचा, तो अशा चार-पाच निर्दोष फेऱ्यांनंतर. कारण मागे बसणाऱ्याला ब्रेक तपासता येत नाही, त्याला फक्त विश्वास ठेवता येतो.

त्यानंतर देश मोकळा आहे. डब्लिनकरांसाठी विकलो पर्वतातील सॅली गॅप एका सकाळीत होतो. डोनेगलपासून कॉर्कमधील किन्सेलपर्यंत पश्चिम किनाऱ्याने जाणारा सुमारे २,५०० किलोमीटरचा वाइल्ड अटलांटिक वे २०१४ साली सुरू झाला; केरीतील कॉनर पास त्याच वाटेवर लागतो. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे. हेजच्या भिंतींमधून वळणाऱ्या, मध्येच गवत उगवलेल्या आणि ट्रॅक्टरने चिखल सांडलेल्या या रस्त्यांवर जुन्या टूरिंग गाडीला त्याहून अधिक वेगाची गरजही नसते.

हिवाळ्यात गाडी ठेवताना तिच्यावरचे मीठ गोड्या पाण्याने धुवावे, कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि बॅटरी चार्जरला जोडावी. जिथे हवा खेळते, तिथे गाडी झाकावी. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेली गाडी आतल्या ओलाव्याने गंजते. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि पावती एका वहीत लावून ठेवावी. पुढे कधी ही गाडी विकायची वेळ आली, तर समोरचा खरेदीदारही तपासणी नसलेल्या याच बाजारात उभा असेल, आणि त्याला गाडीविषयी खरे सांगणारी वस्तू म्हणजे ही वहीच असेल.